आधी छत, मग वॅट

ट्रॅव्हल ट्रेलरच्या, म्हणजे मोटारीमागे ओढत न्यायच्या चाकांवरच्या घराच्या, छतावर सौर पॅनेल बसवण्याचा विषय निघाला की "किती वॅटचे बसवलेत?" हा प्रश्न पहिला येतो. मला विचाराल तर तो शेवटून दुसरा यायला हवा. छत कशाचे आहे, त्यावर सावली कुठून आणि केव्हा पडते, भोके कुठे पाडायची व ती कशी बुजवायची, तारा कोणत्या वाटेने आत उतरतील, एवढे ठरले की वॅटचा आकडा बहुतांशी आपोआप ठरतो. उलट्या क्रमाने गेले तर पॅनेल दारात येऊन पडतात आणि छतावर त्यांना जागा सापडत नाही. आमच्या २४ फुटी ट्रेलरवर हे काम मी स्वतः केले, नवऱ्याने शिडी धरली, सामान वर दिले आणि प्रत्येक भोक पाडण्याआधी "नक्की ना?" असे विचारण्याचे मोलाचे काम केले. अमेरिकेत डेन्व्हरजवळ राहून अशी गाडी वापरणाऱ्या काही मराठी मंडळींनी तपशील विचारले, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

आम्हाला सौर वीज लागते ती विजेची जोडणी नसलेल्या जागी मुक्काम करण्यासाठी. अमेरिकेच्या पश्चिमेकडील राज्यांत ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट या सरकारी खात्याच्या ताब्यात अफाट सार्वजनिक जमीन आहे आणि तिच्यावर बहुतेक ठिकाणी एका जागी १४ दिवसांपर्यंत राहता येते. मात्र तेथे पाणी नाही, वीज नाही, काहीच नाही. हिवाळ्यात ॲरिझोनातील क्वार्टझाइट या लहानशा गावाभोवतीचे वाळवंट अशा गाड्यांनी भरून जाते. राष्ट्रीय उद्यानांतही अनेक कॅम्पग्राउंडांत जोडणी नसते. ग्रँड कॅन्यनच्या दक्षिण काठावरचे मॅदर कॅम्पग्राउंड हे त्याचे नेहमीचे उदाहरण. जनरेटर लावता येतो, पण ठरलेल्या वेळेतच, आणि शेजाऱ्यांच्या कपाळावरच्या आठ्या मोजत.

ट्रेलर विकत घेतला तेव्हा त्याच्या बाजूवर "सोलर रेडी" असे ठळक लिहिलेले होते. त्याचा अर्थ इतकाच निघाला की भिंतीत एक छोटी जोडणी आहे आणि तिच्यामागून एक बारीक तार बॅटरीपर्यंत गेली आहे. जमिनीवर उभे करायचे एखादे १०० वॅटचे पॅनेल त्यावर ठीक चालते. छतावरच्या संचासाठी ती तार निरुपयोगी आहे, हे नवी गाडी घेणाऱ्याने गृहीत धरूनच चालावे.

आता खर्चाकडे, म्हणजे विजेच्या. आमचा फ्रिज १२ व्होल्टवर चालणारा कॉम्प्रेसरचा आहे आणि तो दिवसाला साधारण ६०० वॅट-तास घेतो. थंडीत रात्री हीटर गॅसवर चालतो खरा, पण त्याचा पंखा चालताना १०० वॅटच्या आसपास ओढतो, आणि तो एकूण पाच तास फिरला तर ५०० वॅट-तास तेथेच गेले. उपग्रहावरचे इंटरनेट आठ तास चालू ठेवले की ४०० धरावेत. दोन लॅपटॉप, दिवे, पाण्याचा पंप आणि गॅसगळतीची सूचना देणारे यंत्र मिळून आणखी ४०० होतात. गंमत अशी की सगळ्यांना धास्ती असते ती मिक्सरची. तो ७५० वॅटचा असला तरी चटणीसाठी दोन मिनिटे फिरवला तर जेमतेम २५ वॅट-तास लागतात. खरा खादाड आहे तो गुपचूप दिवसभर चालणारा फ्रिज. एकूण हिशेब थंडीत दिवसाला दोन किलोवॅट-तासांच्या किंचित खाली येतो. त्यासाठी लिथियम आयर्न फॉस्फेट प्रकारच्या १०० अँपिअर-तासांच्या दोन बॅटऱ्या घेतल्या, १२.८ व्होल्टने गुणले की २,५६० वॅट-तास होतात आणि त्यातले जवळजवळ सगळे वापरता येतात. शिसे-आम्लाच्या बॅटरीचे तसे नाही. तिची निम्मीच क्षमता वापरावी, नाहीतर तिचे आयुष्य झपाट्याने घटते.

छतावर पहिल्यांदा चढताना मी पॅनेलच्या मापाचे पुठ्ठे कापून नेले होते. कागदावर आराखडा काढणे सोपे असते, पण प्रत्यक्षात छताच्या मध्यावर वातानुकूलन यंत्राचे खोके, दोन हवेचे पंखे, स्नानगृहावरचे पारदर्शक घुमट, सांडपाण्याच्या नळ्यांची टोपणे आणि टीव्हीचा अँटेना अशी दाटी असते. पुठ्ठे इकडून तिकडे सरकवत सकाळी, दुपारी आणि उतरत्या उन्हात सावल्या पाहिल्या. सर्वांत मोठी सावली एसीच्या खोक्याची. ते छतापासून सुमारे ३५ सेंटिमीटर उंच आहे. क्वार्टझाइटच्या अक्षांशावर डिसेंबरच्या मध्यान्ही सूर्य क्षितिजापासून सुमारे ३३ अंशांवर असतो, म्हणजे भर दुपारीदेखील त्या खोक्याची सावली ५४ सेंटिमीटर लांब पडते. सूर्य १५ अंशांवर उतरला की तीच सावली १३० सेंटिमीटर होते. सकाळ-संध्याकाळची सावली टाळता येणार नाही, पण मध्यान्हीच्या चार तासांची टाळलीच पाहिजे, कारण हिवाळ्यातली बहुतेक वीज त्याच वेळात तयार होते. म्हणून खोक्यापासून ६० सेंटिमीटरच्या आत काही बसवायचे नाही असा नियम केला. उरलेल्या जागेत सुमारे दीड मीटर लांब आणि ७० सेंटिमीटर रुंद अशी २०० वॅटची तीन पॅनेल मावली. चौथे कसेबसे बसले असते, पण मग पाय ठेवायला जागा उरली नसती, आणि ज्या छतावर फिरता येत नाही त्याची देखभाल होत नाही.

लवचीक, चिकटवायची पॅनेल मी विचारात घेतली नाहीत. ती हलकी असतात, दिसायला छान असतात आणि त्यांना भोके लागत नाहीत, हे सगळे खरे. पण छताला घट्ट चिकटल्यामुळे त्यांच्या खालून वारा खेळत नाही आणि ती तापतात. सिलिकॉनच्या पॅनेलची शक्ती दर अंश सेल्सियसमागे साधारण ०.३५ टक्क्याने घटते आणि लेबलवरचा आकडा पॅनेलच्या घटकांचे तापमान २५ अंश असतानाचा असतो. उन्हाळ्यात ६५ अंशांवर गेलेले पॅनेल त्यामुळे सुमारे १४ टक्के कमी देते. शिवाय सततच्या उष्णतेने त्यांचे थर सुटू लागतात. ॲल्युमिनियमच्या चौकटीतले, काचेचे पॅनेल अकरा-बारा किलोचे असते, पण ते ब्रॅकेटवर छतापासून थोडे वर राहते आणि खालून हवा जाते. कमानदार छताच्या व्हॅनवर लवचीक पॅनेलला दुसरा पर्याय नसेल तर गोष्ट वेगळी.

येथून पुढे मुख्य काम, आणि ते विजेचे नाही, पाण्याचे आहे. या गाड्या भिजून मरतात. आमच्या छतावर इपीडीएम रबराचे पातळ आवरण आहे, त्याखाली जेमतेम एक सेंटिमीटर जाडीचे प्लायवुड आणि त्याखाली १६ इंचांच्या अंतराने लाकडी वासे. एखाद्या स्क्रूशेजारून पाणी झिरपू लागले तर ते छताखाली आडवे पसरते, प्लायवुड कुजते, आणि आतल्या छतावर डाग दिसेपर्यंत नुकसान होऊन गेलेले असते. दुसरा शत्रू वारा. ताशी ११० किलोमीटर वेगाने गाडी चालली की समोरच्या हवेचा दाब दर चौरस मीटरला सुमारे ५७० न्यूटन होतो, म्हणजे ५८ किलो वजनाइतका, आणि माझे एक पॅनेल साधारण एक चौरस मीटरचे आहे. समोरून ताशी ५० किलोमीटरचा वारा असेल तर हा दाब दुपटीहून अधिक होतो, कारण तो वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. हा सगळा दाब पॅनेलला वर उचलायलाच लागतो असे नाही, परंतु महामार्गावर मागच्या गाडीच्या काचेवर काचेचे पॅनेल जाऊन आदळण्याची शक्यता शून्याजवळ ठेवायची असेल, तर हिशेब वाईटात वाईट परिस्थितीचा करावा.

पुष्कळ जण विचारतात की अतिशय चिकट अशा औद्योगिक टेपने ब्रॅकेट चिकटवले तर भोकेच नकोत, नाही का? फायबरग्लासच्या किंवा रंगवलेल्या धातूच्या छतावर ते चालते आणि अनेकांनी ते यशस्वीपणे केले आहे. रबराच्या छतावर मात्र ते करू नये. टेप रबराला धरून ठेवील, पण रबर स्वतः प्लायवुडला केवळ गोंदाने चिकटलेले असते. ओढ बसली की रबरच सोलून वर येईल. तेथे स्क्रू हवेत, आणि शक्य तेथे ते खालच्या वाशात जायला हवेत. वासे शोधायला मी लोहचुंबक वापरले. प्लायवुड ज्या पिनांनी ठोकलेले असते त्यांची रांग चुंबकाला जाणवते. सगळे ब्रॅकेट वाशांवर आलेच असे नाही. प्रत्येक पॅनेलची किमान एक बाजू वाशांवर येईल अशी त्यांची जागा सरकवून घेतली आणि बाकीच्या ठिकाणी प्लायवुडच्या मागे जाऊन फुगणारे रबरी नट वापरले.

तीन पॅनेल, बारा ब्रॅकेट, चोवीस भोके. जागा आधी सौम्य साबणाच्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळू दिली. पेट्रोलियमजन्य द्रावणे इपीडीएमला फुगवतात, त्यामुळे रॉकेल, पेट्रोल, टर्पेंटाइन यांपैकी काहीही छतावर नेऊ नये. स्क्रूच्या जाडीपेक्षा बारीक भोक पाडून घेतले, ब्रॅकेटखाली बुटाइल टेपचा, म्हणजे मऊ, चिकट जलरोधक पट्टीचा, तुकडा ठेवला, स्टेनलेस स्टीलचे स्क्रू यंत्राने अर्ध्याहून अधिक बसवले आणि शेवटचे वळसे हाताने दिले. यंत्राने शेवटपर्यंत पिळले तर पातळ प्लायवुडमधले आटे निघतात, आणि मग तो स्क्रू नुसता शोभेचा उरतो. टेप कडेने थोडी बाहेर आली की पकड बसली असे समजावे. त्यानंतर ब्रॅकेटच्या पायावर, प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावर आणि कडांभोवती डायकॉर कंपनीचे आपोआप सपाट होणारे सीलंट, म्हणजे फटी बुजवणारा लेप, भरपूर ओतले. ते १० अंश सेल्सियसच्या वर असलेल्या हवेतच लावावे. थंडीत ते पसरत नाही. उतारावर किंवा उभ्या पृष्ठभागावर न ओघळणारे दुसरे सीलंट मिळते, ते वापरावे.

सिलिकॉन सीलंट येथे का नको, याचे कारण लोक फारसे सांगत नाहीत. ते रबराला नीट धरत नाही हे एक. पण त्याहून मोठी अडचण अशी की त्याचा अंश एकदा पृष्ठभागावर राहिला की त्यावर दुसरे कोणतेही सीलंट धरत नाही, अगदी नवे सिलिकॉनसुद्धा. म्हणजे पुढची दुरुस्तीच अवघड करून ठेवली जाते.

महाराष्ट्रात हल्ली टेम्पो ट्रॅव्हलरचे कॅम्पर करून घेणारे बरेच आहेत. त्यांच्यासाठी येथे थोडा फरक आहे. पत्र्याच्या छतावर रबर नाही, कुजायला प्लायवुडही नाही, आणि आडव्या पट्ट्या लावून त्यावर पॅनेल बसवले तर छताला पडणारी भोके मोजकीच राहतात. मात्र ड्रिलने उघडा पडलेला पत्रा गंजरोधक रंग लावल्याशिवाय झाकू नये. कोकणातला एक पावसाळा त्याचा निकाल लावील.

तारा आत नेण्यासाठी ज्यांचा फ्रिज गॅसवर चालतो त्यांना तयार वाट असते, कारण फ्रिजच्या मागून छतावर एक धुराडे येते आणि त्यातून, गरम नळीपासून दूर ठेवून, तारा उतरवता येतात. आमच्या फ्रिजला ते धुराडे नाही. म्हणून कपाटाच्या कोपऱ्यावर येईल अशी जागा शोधून एक भोक पाडले आणि त्यावर तारांसाठी मिळणारी जलरोधक डबी बसवली. तार डबीत शिरण्याआधी तिला खाली एक झोळ द्यावा, म्हणजे तिच्यावरून ओघळणारे पाणी झोळाशी टपकते आणि डबीपर्यंत पोचत नाही. छतावरच्या तारा वाऱ्याने फडफडू नयेत म्हणून हातभर अंतरावर त्यांना पकडी लावल्या. फडफडणारी तार दोन हिवाळ्यांत स्वतःचे आवरण झिजवते. तार सौर कामासाठी बनवलेली, उन्हाने आवरण न तडकणारी असावी. घरातल्या वायरिंगची उरलेली तार छतावर वापरू नये.

आता ज्या प्रश्नावर सर्वांत जास्त वाद होतात तो: तीन पॅनेल एकसर (एकाच्या टोकाला दुसरे) जोडायची की समांतर (सगळ्यांची धन टोके एकत्र, ऋण टोके एकत्र)? सर्वसाधारण सल्ला असा ऐकू येतो की सावली पडणार असेल तर समांतर, नाहीतर एकसर. मी हिशेब मांडून पाहिला तेव्हा हा सल्ला अर्धाच खरा वाटला.

माझ्या प्रत्येक पॅनेलच्या लेबलवर भार नसताना २४ व्होल्ट, पूर्ण शक्तीवर २० व्होल्ट आणि १० अँपिअर असे आकडे आहेत. तिन्ही समांतर जोडली तर २० व्होल्टला ३० अँपिअर मिळतात; एकसर जोडली तर ६० व्होल्टला १० अँपिअर. शक्ती तीच, ६०० वॅट. छतावरून कंट्रोलरपर्यंतची, म्हणजे पॅनेलची वीज बॅटरीला योग्य प्रमाणात देणाऱ्या यंत्रापर्यंतची, वाट २० फूट, म्हणजे जाऊन-येऊन ४० फूट तार. अमेरिकी मापाच्या १० क्रमांकाच्या, म्हणजे सव्वापाच चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेचा रोध दर हजार फुटांना एक ओहम, म्हणून आपल्या तारेचा ०.०४ ओहम. समांतर जोडणीत ३० अँपिअरला १.२ व्होल्ट तारेतच गळतात आणि ३६ वॅटची उष्णता होते. एकसर जोडणीत १० अँपिअरला ०.४ व्होल्ट गळतात आणि वाया जातात केवळ ४ वॅट. तार तीच, अंतर तेच. समांतर जोडणीत हा तोटा एवढा खाली आणायचा तर तार बरीच जाड घ्यावी लागते, आणि ती छतावरच्या डबीतून व कपाटाच्या कोपऱ्यातून वळवणे हे मनगटाचे काम आहे.

उन्हाळ्यात आणखी एक गोष्ट आडवी येते. एमपीपीटी प्रकारचा (पॅनेलमधून जास्तीत जास्त शक्ती काढणारा) कंट्रोलर पॅनेलचे जास्तीचे व्होल्टेज बॅटरीच्या व्होल्टेजवर उतरवतो आणि त्या बदल्यात करंट वाढवतो, पण या प्रकारचे कंट्रोलर व्होल्टेज चढवू शकत नाहीत. तापलेल्या पॅनेलचे २० व्होल्ट १७ वर येतात, तारेत १.२ गळतात, उरतात जेमतेम १६. बॅटरी भरत आली की तिचे १४.४ व्होल्ट होतात. खेळायला जागाच उरत नाही. एकसर जोडणीत हा प्रश्न उद्भवतच नाही.

आणि सावलीचे काय? प्रत्येक पॅनेलच्या मागच्या डबीत बायपास डायोड असतात. माझ्या पॅनेलमध्ये दोन आहेत, म्हणजे प्रत्येक डायोड अर्धे पॅनेल सांभाळतो. पंख्याच्या टोपणाची सावली एका पॅनेलच्या एका अर्ध्यावर पडली की एकसर जोडणीत करंट त्या अर्ध्याला वळसा घालून डायोडमधून जातो आणि बाकीची अडीच पॅनेल काम करत राहतात. समांतर जोडणीत त्याच सावलीने त्या पॅनेलचे व्होल्टेज निम्मे, म्हणजे १० वर येते. शेजारची दोन २० व्होल्टवर असताना १० व्होल्टचे पॅनेल त्यांच्यात काहीच भर घालू शकत नाही, आणि अख्खे पॅनेल गमावले जाते. म्हणजे लहान, ठळक सावलीत एकसर जोडणी उलट सरस ठरते. झाडाखाली, जेथे एक पॅनेल पुरते झाकोळलेले आणि दुसरे निम्मे उजळ असते, तेथे समांतर जोडणीची बाजू काहीशी वरचढ होते. पण पाइनच्या रानात गाडी उभी केली तर दोन्ही जोडण्या सारख्याच उपाशी राहतात. तेथे लांब तारेने जोडून उन्हात ठेवायचे सुटे पॅनेल हाच उपाय आहे. या सगळ्या विचाराने मी एकसर जोडणी केली.

एकसर जोडणीला एक पथ्य आहे आणि ते थंडीचे. पॅनेल जितके थंड तितके व्होल्टेज अधिक. दर अंशाला साधारण ०.३ टक्के. तिन्हींचे मिळून ७२ व्होल्ट हा आकडा २५ अंशांचा आहे. डेन्व्हरला उणे २० अंशांच्या पहाटे सूर्य वर आला की त्याचे ८२ व्होल्ट होतात. मी घेतलेला व्हिक्ट्रॉनचा १००/५० कंट्रोलर १०० व्होल्टपर्यंत सहन करतो, म्हणून तीन पॅनेल सुरक्षित आहेत. चौथे एकसर जोडले असते तर २५ अंशांना ९६ व्होल्ट, म्हणजे कागदावर मर्यादेच्या आत, पण त्या पहाटे १०९, आणि कंट्रोलर जळाला असता. दुसरा आकडा ५० अँपिअरचा आहे: ६०० वॅट भागिले बॅटरीचे साडेतेरा व्होल्ट म्हणजे ४४ अँपिअर, म्हणून ३० अँपिअरचा स्वस्त कंट्रोलर पुरला नसता. ज्यांना समांतर जोडणीच करायची आहे त्यांनी लक्षात ठेवावे की दोन पॅनेलपर्यंत वेगळे फ्यूज लागत नाहीत. तीन किंवा अधिक असतील तर प्रत्येकाला फ्यूज हवा, कारण एकात दोष निर्माण झाला की बाकीच्यांचा सगळा करंट त्याच्यात उलटा शिरतो.

जोडण्या करताना पॅनेलवर गोधडी टाकली होती. प्रकाश पडला की पॅनेल बंद करण्याची कळ नसते, आणि ७० व्होल्टच्या पुढच्या डीसीला, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या करंटला, हलके घेऊ नये. घरातला एसी, म्हणजे दिशा बदलत वाहणारा, करंट सेकंदाला शंभरहून अधिक वेळा शून्यावर येतो, त्यामुळे कळ उघडताना पडणारी ठिणगी विझते. डीसी कधीच शून्यावर येत नाही आणि ठिणगी ताणली जाऊन जळत राहते. म्हणून पॅनेल आणि कंट्रोलर यांच्यामधला ब्रेकर डीसीसाठीच बनवलेला आणि पुरेशा व्होल्टेजचा हवा, आणि एमसी४ कनेक्टर (पॅनेलच्या तारा एकमेकींना जोडणारी टोके) करंट वाहत असताना कधीही ओढून सोडवू नयेत. या कनेक्टरांना त्यांचे स्वतंत्र क्रिम्पिंगचे, म्हणजे तारेवर पिन दाबून बसवायचे, हत्यार लागते. पक्कडीने दाबलेली पिन आज चालते आणि एके दिवशी तापून वितळते. नर आणि मादी एकाच बनावटीचे असावेत. "कोणाशीही जुळतो" असे पाकिटावर लिहिलेले असते, पण अशा मिश्र जोड्या तापल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत.

कंट्रोलर आणि बॅटऱ्या गाडीच्या पुढच्या सामानाच्या कप्प्यात ठेवल्या. मूळची शिसे-आम्लाची बॅटरी बाहेर, ट्रेलरच्या जुवावर, म्हणजे पुढच्या ओढायच्या दांड्यावर, होती. तिच्यातून वायू सुटतो म्हणून तिची जागा तीच योग्य होती. लिथियम बॅटरीला ती अडचण नाही, पण तिला शून्य अंशाखाली भारित करता येत नाही, त्यामुळे तिला आत, थोड्या उबेत आणणेच बरे. कंट्रोलर ते बॅटरी हे अंतर चार फुटांहून अधिक होऊ दिले नाही, कारण येथे ४४ अँपिअर वाहतात. ६ क्रमांकाची तार आणि बॅटरीच्या टोकाला ६० अँपिअरचा फ्यूज. फ्यूज बॅटरीच्या बाजूला का, तर शॉर्ट सर्किट झाले असता तार जाळण्याइतका करंट बॅटरीच देऊ शकते, पॅनेल नव्हे. बॅटरीच्या मुख्य तारेवर क्लास टी प्रकारचा फ्यूज बसवला. तो महाग असतो, आणि येथे काटकसर करू नये: शॉर्ट झालेली लिथियम बॅटरी क्षणात हजारो अँपिअर ओकते, आणि साधा फ्यूज तुटल्यावरही त्याच्या फटीतून ठिणगी चालू राहू शकते. ऋण तार शंटमधून, म्हणजे करंट मोजणाऱ्या पट्टीतून, नेली, म्हणजे किती अँपिअर-तास गेले आणि आले याचा खरा हिशेब दिसतो; लिथियम बॅटरीच्या व्होल्टेजवरून तिची पातळी ओळखणे जवळजवळ अशक्य आहे. जोडताना आधी बॅटरी आणि मग पॅनेल, सोडवताना आधी पॅनेल आणि मग बॅटरी, हा क्रम पाळावा. त्यामुळे आपण १२ व्होल्टच्या संचावर आहोत हे कंट्रोलरला आधी कळते.

एवढे करून हाती काय येते? वाळवंटातल्या स्वच्छ डिसेंबरी दिवशी सपाट पडलेली ही ६०० वॅटची पॅनेल साधारण दीड किलोवॅट-तास देतात. मे महिन्यात हाच आकडा साडेतीनच्या घरात जाऊ शकतो, पण तेव्हा बॅटरी दुपारपर्यंत भरलेली असते आणि उरलेली वीज घ्यायला कोणी नसते. हिवाळ्यातली तूट सूर्याच्या तिरपेपणामुळे येते. मध्यान्ही ३३ अंशांवरच्या सूर्याचे थेट ऊन सपाट पॅनेलवर ५४ टक्केच पडते. डेन्व्हरला ते ४५ टक्क्यांवर येते, तर पुण्यात त्याच दिवशी सूर्य ४८ अंशांवर असल्यामुळे ७४ टक्के मिळते. म्हणून भारतातल्या गाडीवर पॅनेल सपाट ठेवली तरी फारसे बिघडत नाही, येथे बिघडते. आमच्या ब्रॅकेटना एका बाजूने उचलायचे पाय जोडता येतात आणि गाडी पूर्व-पश्चिम उभी करून पॅनेल दक्षिणेकडे कलवली की डिसेंबरची वीज जवळपास दीडपट होते. त्यासाठी छतावर चढावे लागते आणि निघण्याआधी आठवणीने पाय मिटवावे लागतात. एका रात्रीच्या मुक्कामासाठी आम्ही हे करत नाही, आठवडाभर राहायचे असेल तरच. वाळवंटी वारा सुटणार असा अंदाज असेल तर मुळीच नाही.

देखभाल थोडकी आहे. धूळ साचली की पाण्याने आणि मऊ फडक्याने पुसणे, आणि वर्षातून दोनदा प्रत्येक ब्रॅकेटभोवतीचे सीलंट बोटाने दाबून पाहणे. बारीक भेग दिसली तर जुने उपटून काढायचे नाही. ते साफ करून त्यावरच नवा थर ओतायचा. त्याच वेळी बोल्ट तपासून घ्यावेत, कारण खडबडीत रस्त्यावर ते हळूहळू ढिले होतात.

एसी या संचावर चालतो का, असे हमखास विचारले जाते. चालताना तो १,३०० ते १,५०० वॅट ओढतो आणि सुरू होताना त्याहून कितीतरी अधिक, तेव्हा आमच्या बॅटऱ्या दोन तासांत रिकाम्या होतील, आणि इन्व्हर्टरही फक्त मिक्सरपुरताच, १,००० वॅटचा आहे. त्यामुळे जुलै-ऑगस्टमध्ये सखल प्रदेशात जायचे असले की आम्ही विजेची जोडणी असलेली जागा आधीच राखून ठेवतो आणि पॅनेलना त्या दिवसांत फ्रिज सांभाळण्याचे काम देतो.